जुनी सनई : एक इतिहास-साधन

जुनें वाद्य दुरुस्त करून वाजतें करणें हें कृत्य स्तुत्य खरें. परंतु त्याच दुरुस्तीनें इतिहासाचें एक अस्सल साधन कायमचें नष्ट होऊं शकतें. इकडे संग्राहकांचें लक्ष वेधावें, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

बुलढाणें जिल्ह्यांतील मेहकर-डोणगांवचा टापू तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या अमलाखालीं होता. त्यांपैकीं सिंघण राजाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकराच्या वाद्याध्यायांत ‘मधुकरी’ नांवाचें सुषिर वाद्य वर्णिलें आहे. त्याची लांबी 28 अंगुळें सांगितली आहे. अंगुळ पाऊण इंचाचें धरल्यास ती 21 इंच भरते. हें वाद्य सनईच्याच कुळांतलें होय. याच जातीच्या युरोपीय वाद्यापासून सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्यें ओबो निघाला व पुढें त्यास अनेक चाव्या चढल्या. सनईस चावी नाहीं. स्वर बोटांनीं व फुंकेनें साधावयाचा. म्हणून छिद्रांचे व्यास आणि त्यांमधील अंतरें हाच तिचा मूळ लेख समजावा.

डोणगांवासारख्या गांवीं एखाद्या वाजंत्री घराण्याकडे किंवा देवळाच्या नगारखान्यांत जुनी सनई हातीं लागली, तर ती पेटीच्या स्वराशीं जुळविण्यासाठीं छिद्रें कोरण्याचा मोह होतो. परंतु हार्मोनियमचें पेटंट पॅरिसमध्यें 1842 सालीं घेतलें गेलें. त्यापूर्वींची सनई पेटीस जुळविणें म्हणजे पोथीवर हरताळ फासून नवीं अक्षरें लिहिणें होय. हरताळाखालचें अक्षर कधींकाळीं वाचतां तरी येईल. कोरलेलें लाकूड पुन्हा भरून येत नाहीं. वादक छिद्र अंशतः मेणानें बुजवून स्वर उतरवितात, ती रीत निर्दोष आहे. कारण मेण काढतां येतें.

वादनांतही सबुरी हवी. फार दिवस न वाजलेलें लाकूड श्वासाच्या ओलाव्यानें आंतून फुगतें, बाहेरून कोरडेंच राहतें, आणि तडकतें. प्रारंभीं रोज थोडा वेळच फुंकून नळी पुसावी. शिवाय मूळची पाती बहुधा उरलेली नसते. नव्या पातीनें निघालेला स्वर हाच जुना स्वर, असा निष्कर्ष काढूं नये.

सबब संग्राहकांनीं तेल लावण्यापूर्वींच लांबी, छिद्रांचीं मापें, भेगा व मेणाच्या खुणा टिपून ठेवाव्या. आधीं नक्कल, मग दुरुस्ती, हा पोथीचा नियम सनईसही लागू आहे.