‘इतरां’चा संघ आणि खेळाडूचा सदसद्विवेक

खेळाडूने खेळावे, की अन्याय दिसला असता बोलावे? हा प्रश्न अलीकडे वारंवार कानी पडतो. 2016 साली अमेरिकेतील फुटबॉलपटू कॉलिन केपरनिक राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून बसला आणि त्या देशाचे जणू दोन तट पडले. 2021 च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने वर्णद्वेषाच्या निषेधार्थ सर्वांनी गुडघा टेकावा असा आदेश काढला, तेव्हा क्विंटन डी कॉकने सामन्यातूनच माघार घेतली. पुढे क्षमा मागून तो सहकाऱ्यांसमवेत गुडघ्यावर बसला. हे वाचून आपल्यापैकी अनेकांना वाटते की, हे सारे परदेशातले आणि आजकालचे खूळ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. हा वाद आपल्या मुंबईच्या मैदानांनी शंभर वर्षांपूर्वी अनुभवला आहे. त्याच्या एका पर्वात आपणा ख्रिस्ती लोकांचाही संबंध आला आणि तोही ‘इतर’ या नावाने.

मातीच्या पेल्यातील चहा

मुंबईच्या क्रिकेटची घडणच जमातींच्या पायावर झाली. प्रारंभी पारशी आणि युरोपियन यांच्यात सामने होत. 1907 साली हिंदू आल्याने ते तिरंगी झाले, 1912 साली मुसलमान आल्याने चौरंगी झाले. मरीन ड्राइव्हच्या रेषेवर आजही पारशी, इस्लाम, हिंदू आणि कॅथलिक जिमखाने शेजारी शेजारी उभे आहेत, ते त्याच काळाचे स्मारक होय.

या हिंदू संघाचा आधारस्तंभ होता पालवणकर बाळू हा डावखुरा गोलंदाज. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालवणचे हे चर्मकार कुटुंब. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात महिना चार रुपयांवर बाळू खेळपट्टीची निगा राखी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. पुढे पुण्याच्या हिंदूंनी त्याला आपल्या संघात घेतले खरे. परंतु चहापानाच्या वेळी इतर खेळाडू आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूला तो बाहेर, मातीच्या पेल्यातून मिळे. बळी घेताना त्याचा हात सर्वांना चालत होता, पंक्तीला मात्र चालत नव्हता. नंतर बाळू मुंबईस आला आणि आपल्या मालाडवरून ज्या कंपनीच्या गाड्या धावत, त्या बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरीला लागला. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना हरविले त्या संघात तो आणि त्याचा भाऊ शिवराम होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र सदैव उच्चवर्णीयांकडेच राही.

या अन्यायाविषयी सहखेळाडूंना काय वाटत होते? सारेच गप्प नव्हते. 1913 साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी आपल्या सत्कार समारंभातच सांगून टाकले की, ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून हा मान बाळूचा होता. ज्याला मान मिळाला त्यानेच तो दुसऱ्याचा असल्याचे चारचौघांत सांगावे, ही गोष्ट तेव्हा सोपी नव्हती आणि आजही नाही. परंतु पैंच्या शब्दांनी व्यवस्था हलली नाही. 1920 साली तर बाळूला संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले व जातीमुळे आमच्यावर अन्याय होतो असे जाहीर निवेदन केले. आपल्या देशात खेळाडूंनी सामाजिक न्यायासाठी मैदानाकडे पाठ फिरविल्याचे याहून जुने ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. अंतिम सामन्यापूर्वी समेट झाला. भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाला, आणि सामन्यात पै मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाची सूत्रे बाळूच्या हाती आली. 1923 साली विठ्ठल पूर्ण अधिकाराने कर्णधार झाला आणि त्याच्या नेतृत्वाखाली हिंदू संघ विजयी ठरला.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यातही पुढे मार्गाविषयी एकमत राहिले नाही. तरुण भीमराव आंबेडकरांना बाळूविषयी मोठा आदर होता. परंतु 1932 साली विभक्त मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरोधी बाजूस उभा राहिला. पुणे करारावर त्याचीही सही आहे. 1937 च्या निवडणुकीत तर काँग्रेसतर्फे तो थेट आंबेडकरांविरुद्ध लढला. आंबेडकरांना 13,245 आणि बाळूला 11,225 मते पडली. दोघांनीही अस्पृश्यतेचा दाह सोसला होता, दोघांनाही न्यायच हवा होता; वाट मात्र एक नव्हती. अशा मतभेदाला फितुरीचे नाव देण्याची आपल्याला फार घाई असते.

लॉर्ड्सला जावे की न जावे

दुसरा प्रसंग 1932 सालचा. भारताचा संघ प्रथमच अधिकृत कसोटी सामना खेळण्यासाठी इंग्लंडला जाणार होता. जानेवारीत गांधीजींना अटक झाली, देशभर तुरुंग भरले. सविनय कायदेभंगामुळे मुंबईचे चौरंगी सामने 1930 पासून बंदच होते. अशा वेळी राज्यकर्त्यांच्या देशी जाऊन खेळावे काय? विजय मर्चंट, एल. पी. जय आणि चंपक मेहता यांनी दौऱ्यावर जाण्यास नकार दिला. मर्चंट तेव्हा अवघ्या विशीचे होते. आपल्या देशाच्या पहिल्या कसोटीत खेळण्याचा मान पुन्हा कधीच चालून येत नाही, हे त्यांना कळत नसेल असे नाही.

परंतु इतर गेले. 25 जून 1932 रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर कर्नल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी सामना खेळला. भारतातर्फे पहिला चेंडू खेळला तो फुलगावच्या जनार्दन नवले यांनी. दौऱ्याचे कर्णधार वस्तुतः पोरबंदरचे महाराज होते. आपल्या खेळाची मर्यादा ओळखून त्यांनी नायडूंना जागा करून दिली. या जाणाऱ्यांना देशाभिमान नव्हता असे कोण म्हणेल? साहेबाच्या अंगणात जाऊन त्याच्याशी बरोबरीने झुंजणे हेही एक उत्तरच होते. घरी राहिलेल्यांनी त्यागाने उत्तर दिले, गेलेल्यांनी पराक्रमाने. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1933 मध्ये, मुंबई जिमखान्यावर भारतातील पहिली कसोटी झाली, तेव्हा जय आणि मर्चंट त्याच नायडूंच्या हाताखाली खेळले. जयना तेवढीच एक कसोटी लाभली. मतभेद झाला होता, परंतु वैर राहिले नाही.

आपण ‘इतर’ झालो

तिसरे पर्व आपल्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. 1937 साली चौरंगी सामन्यांचे पंचरंगी सामने झाले. पाचव्या संघाला नाव मिळाले ‘द रेस्ट’, म्हणजे ‘उरलेले’ किंवा ‘इतर’. देशी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, बौद्ध असे जे कोणत्याच जमातीच्या संघात बसत नव्हते, त्यांची ही मोट होती. ख्रिस्ती मुलालाही आता मोठ्या मैदानावर उतरता येणार होते ही आनंदाची गोष्ट. परंतु स्वतःच्या नगरात, स्वतःच्या भाषेच्या मुलखात, त्याची ओळख ‘जे शिल्लक राहिले ते’ अशी व्हावी, हे मनाला टोचल्याशिवाय राहत नाही. वसई-साष्टीच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या शेती, मिठागरे आणि मासेमारी करीत राहिलेले आपले पूर्वज या भूमीत ‘इतर’ खासच नव्हते.

या संघाचा मानबिंदू होता विजय हजारे. 11 मार्च 1915 रोजी सांगलीत मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला, अबोल, संकोची स्वभावाचा हा फलंदाज. डिसेंबर 1943 च्या पंचरंगी स्पर्धेत त्याने मुसलमान संघाविरुद्ध 248 धावा काढून स्पर्धेचा उच्चांक मोडला. अंतिम सामना हिंदूंशी होता. मर्चंटनी नाबाद 250 धावा करून तो उच्चांक आपल्याकडे घेतला आणि हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला. ‘इतर’ पहिल्या डावात 133 धावांत आटोपले. दुसऱ्या डावात हजारे उभा राहिला. संघाच्या एकूण 387 धावांपैकी 309 एकट्या त्याच्या! त्याचा भाऊ विवेक याच्याबरोबर 300 धावांची भागी झाली, तीत विवेकचा वाटा केवळ 21 धावांचा. सामना एक डाव आणि 61 धावांनी हातचा गेला; परंतु ब्रेबोर्न स्टेडियमवर त्या दिवशी हजारेचा जयजयकार झाला आणि त्यात सर्व धर्मांचे कंठ होते.

पण मुळात अशा सामन्यांत खेळावे काय, यावर तेव्हा घनघोर वाद माजला होता. 1940 च्या मार्चमध्ये लाहोरला मुस्लीम लीगने स्वतंत्र राष्ट्रांचा ठराव केला होता. डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी सल्ला विचारण्यासाठी गांधीजींकडे गेली. महाविद्यालयांचे वा संस्थांचे संघ असावेत हे आपणास समजते, धर्मावर बेतलेले संघ कशासाठी हे समजत नाही, अशा आशयाचे मत त्यांनी दिले. जिमखान्यात चुरशीचे मतदान झाले आणि त्या वर्षी हिंदू संघ स्पर्धेतून बाहेर राहिला. काही संस्थानिकांनीही आपल्या पदरच्या खेळाडूंना बंदी केली. विरोधक म्हणत, मैदानावर रोज ‘हिंदू जिंकले, मुसलमान हरले’ असे ओरडावयास शिकवाल तर गल्लीत त्याचे काय होईल? समर्थक म्हणत, येथे तर परस्परांच्या खेळाला टाळ्या पडतात. रणजी सामन्यांना ओस पडणारी मैदाने याच सामन्यांना भरतात आणि खेळाडूच्या पोटालाही त्याचा आधार होतो.

हिंदू संघ 1941 साली पुन्हा उतरला आणि 1932 साली लॉर्ड्सवर पाणी सोडणारे मर्चंटच त्यात खेळले. ही विसंगती म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. सदसद्विवेक म्हणजे एकदाच किल्ली देऊन ठेवलेले घड्याळ नव्हे. प्रत्येक प्रसंगी त्याला नव्याने विचारावे लागते. समर्थकांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. 1944 च्या मोसमात मुसलमानांनी हिंदूंना केवळ एक गडी राखून हरविले. के. सी. इब्राहिमने सलामीला येऊन शेवटपर्यंत नाबाद राहत 137 धावा केल्या. सामना इतक्या अटीतटीचा होऊनही दंगा झाला नाही.

तरीसुद्धा, इतिहासाने अखेर कौल दिला तो विरोधकांच्या बाजूने. 1946 च्या प्रारंभी संपलेली स्पर्धा शेवटची ठरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्ता पेटले आणि वर्षभराने देशाची फाळणी झाली. पंचरंगी सामन्यांनी फाळणी घडविली असे कोणी म्हणणार नाही. परंतु मने वाटली जात असताना धावफलकावर तीच वाटणी रंगवून ठेवणे शहाणपणाचे नव्हते. आणि त्या वाटणीतील सर्वांत लहान रकाना ज्यांच्या वाट्याला आला, त्या आपल्या समाजाने हे इतरांपूर्वी ओळखावयास हवे होते. हजारेचे मोठेपण त्या रकान्यात मावणारे नव्हतेच. 1952 साली मद्रासला भारताने इंग्लंडला नमवून पहिला कसोटी विजय मिळविला तेव्हा भारताचा कर्णधार विजय हजारे होता. तेथे तो ‘इतर’ नव्हता.

पुण्यात जिंकले, अंतिम सामना सोडला

स्वातंत्र्यानंतरही हा प्रश्न सुटला नाही. 1974 साली भारताच्या टेनिस संघाने पुण्यात सोव्हिएत संघाला नमवून डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली. संघात मद्रासच्या कॅथलिक घरातील आनंद आणि विजय अमृतराज हे भाऊ होते. प्रतिस्पर्धी होता वर्णभेदी दक्षिण आफ्रिका. भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळता आफ्रिकेकडे गेला. खेळाडूंच्या हातातोंडाशी आलेला घास गेला. त्याच काळात अमेरिकेचा कृष्णवर्णीय खेळाडू आर्थर अ‍ॅश 1973 साली दक्षिण आफ्रिकेत जाऊन खेळला होता. जाऊनच तेथील लोकांना धीर देता येईल असे त्याला वाटे. त्याच्यावर टीका झाली. पुढे त्याचे मत पालटले आणि 1985 साली त्या राजवटीविरुद्ध निदर्शने करताना त्याने अटक करून घेतली.

1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात सदसद्विवेकबुद्धी हे माणसाच्या अंतःकरणातील पवित्रस्थान मानले आहे. तेथे तो देवासमवेत एकटा असतो. वंश, वर्ण, सामाजिक स्थिती किंवा धर्म यांवरून होणारा भेदभाव देवाच्या योजनेविरुद्ध आहे, असेही तोच दस्तऐवज सांगतो. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. पहिली आपल्याला दुसऱ्याच्या निर्णयाचा आदर करावयास शिकविते, दुसरी अन्यायापुढे डोळे मिटू देत नाही. शिवराम आणि विठ्ठल बाहेर पडले ते योग्यच होते. 1932 साली मर्चंट राहिले आणि नायडू गेले, त्या दोघांनाही मान दिला पाहिजे. परंतु मातीच्या पेल्यात चहा देणाऱ्याशी ‘मतभेद’ नसतो. तेथे फक्त नकारच द्यावा लागतो.

आपल्या ओर्लेम, खारोडी, मार्वे, मढ या परिसरात सुट्टीच्या दिवशी मुलांचे फुटबॉलचे डाव रंगतात. एरंगळच्या सणाला जशी सर्व धर्मांची माणसे गर्दी करतात, तशीच त्या मैदानांभोवतीही उभी राहतात. संघ कधी गावाचे असतात, कधी गोवेकरांचे, कधी मंगळूरकरांचे, कधी मूळ गावकऱ्यांचे. त्यात गंमत आहे आणि ती राहावी. परंतु चांगला खेळणारा एखादा मुलगा झोपडपट्टीतला म्हणून, वेगळ्या जातीचा वा वेगळ्या धर्माचा म्हणून कडेला उभा राहिला, तर त्याच्याकडे पाहणारा एखादा पै आपल्या संघात असावयास हवा. आपल्या घरातील मुलाने तशा वेळी तोंड उघडले आणि त्यामुळे त्याची जागा गेली, तर त्या संध्याकाळी त्याला रागे भरू नये. त्याला पालवणकर भावांची गोष्ट सांगावी, आणि तीनशेच्या भागीत एकवीस धावा करून भावाला साथ देणाऱ्या विवेक हजारेचीही सांगावी.