सनदी सेवा परीक्षा व समान संधी
१८५३ च्या सनदी कायद्याने कंपनीच्या संचालकांची नेमणुकीतील वशिलेबाजी संपविली व १८५५ मध्ये लंडनला पहिली चढाओढीची परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच. मोजमाप मात्र समतोल नव्हते. मेकॉले समितीने ग्रीक व लॅटिन यांना प्रत्येकी ७५० गुण ठेवले, तर संस्कृत व अरबी यांना प्रत्येकी ३७५. शिवाय यशाची खात्री नसता समुद्रप्रवासाचा खर्च. तरीही १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर उत्तीर्ण झाले. पुढे १८७८ पासून कमाल वयोमर्यादा १९ झाली. परभाषेतून शिकणाऱ्या हिंदी तरुणांना हीच अट सर्वांत जाचक ठरली. १८८५ मध्ये मुंबईच्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनाने दोन्ही देशांत एकाच वेळी परीक्षा घेण्याची मागणी केली. १८९३ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने तसा ठरावही केला, पण तो अंमलात आला नाही. अलाहाबादला परीक्षा सुरू होण्यास १९२२ साल उजाडले.