बोरूचा वारस

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. परमार्थाच्या ग्रंथात समर्थ रामदास चक्क लेखनसाहित्याबद्दल बोलतात. देशोदेशीचे बोरू आणावेत, त्यांतले घट्ट, बारीक, सरळ निवडावेत. पान शिशाने आखावं. ओळीला ओळ भिडू देऊ नये. चहूबाजूंनी समास सोडावा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडत नाही. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही!

त्यांची सगळ्यात कडक अट मात्र वेगळीच आहे: पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा. बोरूने लिहिणाऱ्याची ही खरी परीक्षा होती. बोरू लिहिणाऱ्यानेच तासायचा. टोक तिरकं कापायचं, मधोमध चीर द्यायची. तिरक्या टोकामुळे रेघ एका दिशेला जाड, दुसऱ्या दिशेला बारीक उमटते, आणि देवनागरीचं वळण त्यातूनच खुलतं. पण टोक झिजलं की अक्षर फोफसं होतं. पुन्हा चाकू, पुन्हा तासणी, आणि नवं टोक जुन्यासारखंच कापायचं.

पोलादी निबेच्या टाकाने तासणी संपवली, पण दौत काही सुटली नाही. चार शब्द झाले की बुडवा. शाई पेनातच साठवायची, म्हणजे फाउंटन पेन करायचं, तर ती एक तर भळभळा गळे, नाहीतर अडून बसे. 1884 साली न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनने पेटंट घेतलं ते या अडचणीवर. शाई खाली उतरायची तर तिच्या जागी हवा आत शिरायला हवी. निबेखालच्या जिभेला बारीक खाचा पाडून त्याने दोन्हींना वाट करून दिली. शाई बेतानं उतरू लागली.

निबेच्या टोकावर इरिडियमसारख्या कठीण धातूचा कण बसवतात. तो सहसा झिजत नाही, त्यामुळे समर्थांची अट आपोआप पुरी होते. मात्र हा कण गोल असतो, म्हणून रेघ सगळीकडे जवळजवळ सारखीच उमटते. बोरूचा जाड-बारीक खेळ गेला. अक्षराची शोभा आता अंतरावर, प्रमाणावर आणि शिरोरेषेच्या सरळपणावर आली.

शाईलाही बदलावं लागलं. जुनी काळी शाई काजळ आणि डिंकाची. काजळ पाण्यात विरघळत नाही. त्याचे कण खाचांत सुकून बसतात आणि पेन तुंबतं. फाउंटन पेनाला सहसा पूर्ण विरघळलेल्या रंगाची शाई लागते. 1931 साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकरांनी भाऊ गोविंदराव यांच्यासह शाईची पूड आणि वड्या ‘हॉर्स ब्रँड’ नावाने विकायला सुरुवात केली. पुढे ‘कॅमल’ शाई आली, कंपनी कॅमलिन झाली, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांची बोटं त्या शाईने निळी झाली.

कागदाची गोष्ट उलटी. जुन्या हातकागदाला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणून शाई वरच राही. आजच्या स्वस्त वहीचा कागद शाई पितो. रेघेला मिशा फुटतात आणि मागचं पान डागाळतं.

थोडक्यात, जे काम पूर्वी चाकू करायचा ते आता निवडीला करावं लागतं. नोएडाच्या अट्टा मार्केटात असो की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, दुकानदार पेन हातात देतो तेव्हा लोक सही करून बघतात. सहीवरून काही कळत नाही, ती कुठल्याही पेनाने ठोकून देता येते. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्री’ लिहून बघा. रफार आणि अनुस्वार असलेला एखादा शब्दही लिहा, आणि अक्षरांच्या गाठी भरून येतात का ते पाहा. मग एक लांब शिरोरेषा ओढा आणि पान उलटा. रेघ न तुटता आली आणि मागे डाग नसला, तर पेन आणि कागद दोन्ही घ्या.