हजेरीपटावरील स्त्री आणि खतौनीतील पुरुष

बुंदेलखंड म्हटले की मराठी माणसाला झाशी आठवते. मला मात्र तेथील एका तहसील कचेरीच्या व्हरांड्यातली 2008 सालची दुपार आठवते. पीकनुकसानीच्या मदतीची यादी भिंतीवर लावली होती. लेखपाल, म्हणजे आपल्याकडचा तलाठी, एका बाईला समजावून सांगत होता की मदत तिच्या सासऱ्याच्या नावे निघाली आहे. सासरा वारून बरीच वर्षे झाली होती; वारसनोंद झालेली नव्हती. नवरा दिल्लीकडे वीटभट्टीवर होता. हरभरा तिनेच पेरला होता, आणि तो करपताना तिनेच पाहिला होता. लेखपाल नियमाप्रमाणे बोलत होता, हे मला तेव्हाही मान्य करावे लागले.

परतल्यावर मी दुष्काळ आयोगांचे जुने अहवाल वाचायला घेतले. ब्रिटिश राजवटीच्या दुष्काळनीतीविषयी ममत्व वाटण्याचे काही कारण नाही. 1877 मध्ये मद्रास इलाख्यातील मदतकामांवर रिचर्ड टेंपल यांनी पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य व थोडी रोख रक्कम ठरविली, स्त्रीला त्याहून कमी. एवढ्या अन्नावर कष्ट करणारा माणूस जगणार नाही, असा विरोध मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी नोंदविला होता. पुढे रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा अहवाल 1880 मध्ये आला आणि 1883 मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. 1896 साली बांदा जिल्ह्यात दुष्काळाची चाहूल लागली तेव्हा या संहितेची कसोटी बुंदेलखंडातच लागली.

त्या मदतकामांवर पुरुष खोदीत आणि स्त्रिया माती वाहत. खोदणाऱ्याला जास्त मजुरी, वाहणारीला कमी. अन्याय उघड होता. पण हजेरीपटावर स्त्री होती, स्वतःच्या पोटाची धनी म्हणून. घराबाहेर न पडणाऱ्या पडदानशीन स्त्रियांना घरपोच मदत द्यावी, इतका विचारही संहितेने केला होता. जमीन कोणाची, हा प्रश्न मदतीच्या दारात उभा नव्हता.

(येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुष्काळात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक संख्येने तगतात, हे 1901 च्या जनगणनेतही नोंदले गेले होते. तेव्हा स्त्री म्हणजे सर्वात आधी बळी पडणारी, हे समीकरण सरसकट खरे नाही. जगण्याचा प्रश्न आणि जगल्यानंतर हाती काय उरते हा प्रश्न, हे दोन वेगळे आहेत.)

स्वातंत्र्यानंतर कामाच्या रूपाने मिळणाऱ्या मदतीची परंपरा टिकली. 1972-73 च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात किमान एक तृतीयांश वाटा स्त्रियांचा ठेवला होता, आणि पुढे देशभरात त्यांचे मनुष्यदिवस निम्म्याहून अधिक भरले. परंतु मदतीचा दुसरा प्रवाह, म्हणजे पिकाच्या नुकसानीची भरपाई, हेक्टरी मोजला जाऊ लागला. हेक्टर ज्याच्या खात्यावर, मदत त्याची.

खाते कोणाचे, हे उत्तर प्रदेशात 1950 च्या जमीनदारी निर्मूलन कायद्याने ठरविले. जमीनदार गेला, कुळाला हक्क मिळाला, क्रांतिकारकच कायदा. त्यातील कलम 171 चा मूळ वारसाक्रम मात्र पुत्रपौत्रांपासून सुरू होत असे आणि ते असतील तर विधवेलाही वाटा नसे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने अशा शेतजमीनविषयक कायद्यांना कलम 4(2) मध्ये अभय दिले. ते पोटकलम 2005 मध्ये वगळले गेले. राज्याच्या कायद्यात विधवा आणि अविवाहित मुलगी पुत्रांसोबत आल्या. 2016 मध्ये अमलात आलेल्या नव्या महसूल संहितेनेही विवाहित मुलीला त्यांच्या पंक्तीला बसविले नाही. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातील स्त्री खातेदारांचे प्रमाण सुमारे 14 टक्के होते. शेतात राबणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण किती, हे कोणत्याही बांधावर उभे राहिल्यास कळते.

पाऊस नेमका असता तर ही विसंगती घरातल्या घरात खपून गेली असती. सामरा समितीच्या 2008 च्या अहवालानुसार अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बुंदेलखंडात सोळा वर्षांतून एकदा येणारे अवर्षण 1968 ते 1992 या काळात तिप्पट वेळा येऊ लागले. प्रत्येक अवर्षणात पुरुष शहराकडे जातो, शेत बाईवर येते. आणि खातेदार दूर किंवा दिवंगत असल्याने पीककर्ज, विमा, भरपाई यांपैकी काहीही तिच्या सहीने निघत नाही. 2009 मध्ये या भागासाठी 7,266 कोटींची योजना मंजूर झाली. विहिरी, तलाव, बाजार आवार असा तिचा भर होता. राज्यसभेत स्वामिनाथन यांनी 2012 मध्ये महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचे खासगी विधेयक मांडले, ते पुढच्याच वर्षी व्यपगत झाले.

मदतीच्या यादीत खातेदाराच्या नावाशेजारी ‘प्रत्यक्ष कसणारी व्यक्ती’ असा एक रकाना असावा, असे मी माझ्या दौऱ्याच्या टिपणात लिहिले होते. टिपणाची पोच आली. पुढच्या हंगामातील छापील नमुना मी मुद्दाम मागवून पाहिला. त्यात मोबाइल क्रमांकाचा नवा रकाना होता, तोही खातेदाराचाच.