रावळगांवची गोळी : भूमि, नांव व कृति यांचा वियोग

ऐतिहासिक साधनें म्हटलीं कीं सनदा, महजर, शकावल्या व जमाखर्चाचे कागद एवढेच आपल्या डोळ्यांपुढें येतात. गोळीच्या वेष्टनाचा कागद कोणी साधन म्हणून जपून ठेवीत नाहीं. तथापि रावळगांवच्या गोळीचा वृत्तांत पाहूं गेल्यास असल्या कागदाचीच साक्ष घ्यावी लागते. इ. स. २०२४ च्या फेब्रुवारींत या गोळ्यांचें नांव व त्यांच्या कृति मूळ घराण्याच्या हातून दुसरीकडे गेल्या. जें एका ठिकाणीं उभें राहिलें तें क्रमाक्रमानें वेगळें कसें झालें, हें कालानुक्रमानें मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. संस्कृतांतील 'खंड' हा शब्द फारसींत 'कंद' झाला, अरबींतून तो युरोपांत गेला, आणि आज इंग्रजींतील 'कँडी' या रूपानें आमच्याच बाजारांत परत आला आहे. 'शर्करा' म्हणजे मुळांत खडा किंवा खर वाळू. तेव्हां 'खडीसाखर' या शब्दांत एकच अर्थ दोनदां आलेला आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत कोठारांतील वस्तूंची जी वर्गवारी आहे तींत फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड व शर्करा हीं एकाच वर्गांत गणिलीं आहेत. इक्षुरसाच्या पायऱ्या ओळखण्याची विद्या या देशांत किती जुनी आहे, हें यावरून उघड होतें. नवीन होता तो कारखाना.

हा कारखाना ज्या घराण्यानें उभारिला तें दोशी घराणें मूळचें गुजरातेंतील, धर्मानें जैन, व्यापारानिमित्त सोलापुरास स्थायिक झालेलें. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापुरास ता. २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं झाला. वडिलोपार्जित पेढीचा धंदा सोडून त्यांनीं लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारींत रेल्वेचीं कंत्राटें घेतलीं. १९१९ मध्यें स्थापन झालेल्या सिंदिया नौकानयन कंपनीमुळें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. त्यांच्या जहाजांचा व विमानांच्या कारखान्याचा इतिहास अनेकांनीं लिहिला आहे. गोळीकडे मात्र चरित्रकारांचें फारसें लक्ष गेलेलें नाहीं.

त्या काळीं आपल्या बाजारांत जावा बेटांतील साखरेचें वर्चस्व होतें. १९३२ सालीं साखरधंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला. त्यापूर्वीं साऱ्या हिंदुस्थानांत तीसबत्तीस असलेले साखर कारखाने पांच वर्षांच्या आंत सव्वाशांच्या वर गेले. याच लाटेंत, १९३३ सालीं, नाशिक जिल्ह्यांतील रावळगांव येथें 'रावळगांव शुगर फार्म' ही कंपनी स्थापन झाली. नारोशंकर राजेबहादर यांच्या किल्ल्यामुळें आमच्या वाचकांस परिचित असलेल्या मालेगांवच्याच तालुक्यांत हें गांव आहे. कंपनीच्या नांवांतील 'फार्म' हा शब्द लक्षांत ठेवण्याजोगा आहे : ऊंस आपल्या मळ्यांत, साखर आपल्या गिरणींत, असा हा एकसंध कारभार होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत या साखरेस तिसरी पायरी जोडली गेली, ती गोळ्यांची. ही पायरी दिसते तितकी सोपी नाहीं. खडीसाखर करितांना पाक दोऱ्यावर सावकाश थंड होऊं देतात, म्हणजे स्फटिक मोठे होतात. गोळी करितांना उलट स्फटिक मुळींच बनूं द्यावयाचा नसतो. म्हणून साखरेंत ग्लुकोजचा पाक मिसळून तो सुमारें १५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात. त्यांत पाण्याचा अंश शेंकडा दोनतीन एवढाच उरला म्हणजे पाक थंड लादीवर ओतून, लिंबाच्या जातीची आंबटी, रंग व सुवास त्यांत मळून, रुळांतून गोळ्या पाडितात. असा पदार्थ कांचेसारखा पारदर्शक राहतो. आमच्या घरांतील स्त्रिया पाकांत लिंबाचे चार थेंब पिळतात, त्यांतलें तत्त्व हेंच.

पुढें आंब्याची, कॉफीची व पानाच्या स्वादाची अशा अनेक गोळ्या निघाल्या. त्यांपैकीं 'पान पसंद' ही इतकी लोकप्रिय झाली कीं, विडा न खाणाऱ्यांसही विड्याचा स्वाद तिनेंच लाविला. शिक्षक या नात्यानें आम्हीं मुलांच्या खिशांतून या गोळ्या किती काढविल्या असतील याची गणती नाहीं. गोळीची किंमत नेहमीं चलनांतील लहान नाण्याशीं बांधलेली असे. हीच तिची शक्ति व हाच तिचा दुबळेपणा. ता. ३० जून २०११ नंतर पावली चलनांतून गेली ; साखर, इंधन व मजुरी महाग झाली, तरी गोळीची किंमत नाण्याच्या पायरीवांचून चढेना. शिवाय मोठ्या व लहान अशा दोन्ही प्रकारच्या प्रतिस्पर्ध्यांनीं बाजार वांटून घेतला.

आतां वियोगाचा क्रम पहा. वालचंदशेठ ता. ८ एप्रिल १९५३ रोजीं निवर्तले. १९६१ च्या कमाल जमीनधारणेच्या कायद्यान्वयें साखर कारखान्यांच्या जमिनी सरकारनें घेतल्या व १९६३ मध्यें स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे दिल्या. त्यांत रावळगांवचा मळाही गेला. येणेंप्रमाणें प्रथम भूमि सुटली. पुढें २०२४ सालीं व्यापारचिन्हें व कृति २७ कोटी रुपयांस 'रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्स' या कंपनीनें विकत घेतल्या. कंपनीनें आपली स्थावर मिळकत व यंत्रें मात्र विक्रींतून वगळून आपल्याकडे ठेविलीं.

जुन्या वतनविक्रीचीं खतें ज्यांनीं वाचिलीं आहेत त्यांस यांतील भेद तत्काळ जाणवेल. अर्धी पाटिलकी विकली तरी तीबरोबर मानपान, हक्क व इनाम जमीन यांची यादी जात असे. नांव जमिनीस धरून राहत असे. येथें एका गांवाचें नांव गांव सोडून स्वतंत्र मालमत्ता झालें. यांत कोणाचा दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु असल्या व्यवहारांत ज्यास किंमत असते तेंच हस्तांतरित होतें. जुन्या चिठ्ठ्या, दरपत्रकें व वेष्टनें यांस किंमत नसते, म्हणून तीं रद्दींत जातात. आणि भूमि, नांव व कृति यांचा पूर्वीचा एकोपा दाखविणारा पुरावा तर तोच असतो.

असे कागद ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांनीं त्यांचा काळ पुढील खुणांवरून ठरवावा. आण्यांची किंमत असल्यास कागद बहुधा १ एप्रिल १९५७ च्या पूर्वींचा. 'नये पैसे' असल्यास त्यापुढील, १९६४ च्या मध्यापर्यंतचा. टपालाचा सहा आंकडी पिन क्रमांक असल्यास तो १५ ऑगस्ट १९७२ पूर्वींचा असूं शकत नाहीं. शाकाहाराचें हिरवें चिन्ह या शतकाच्या आरंभीं आलें. व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा पहिला कायदा १९४० चा, म्हणजे या गोळीचा जवळजवळ समवयस्क आहे.

वाचकांस विनंति एवढीच कीं, घरांतील जुन्या डब्यांत, दुकानदारांच्या वह्यांत किंवा पुस्तकांत खूण म्हणून ठेविलेलीं अशीं वेष्टनें आढळल्यास तीं टाकूं नयेत. तीं कोठें व कोणत्या वस्तूंबरोबर सांपडलीं याची टीप त्यांसोबत अवश्य ठेवावी. पोथीच्या वेष्टनास आपण जपतों. गोळीच्या वेष्टनास तितका मान नको, पण एक पाकीट व एक तारीख एवढें तरी त्यास मिळावें.