दारूखान्याशेजारची बाग

रिओ दि जानेरोच्या वनस्पती उद्यानाची कुळकथा बंदुकीच्या दारूपासून सुरू होते. नेपोलियनचं सैन्य लिस्बनच्या वेशीवर येऊन ठेपलं, तेव्हा 1807 च्या नोव्हेंबरात पोर्तुगालचं राजघराणं सगळा लवाजमा जहाजांत भरून ब्राझीलकडे निघालं आणि पुढच्या मार्चमध्ये रिओला उतरलं. राणीच्या वतीने कारभार पाहणारा युवराज दों जुआंव याला आता इथूनच साम्राज्य चालवायचं होतं. शहराच्या रक्षणासाठी दारूगोळा हवा होता. म्हणून लगोआ रॉद्रिगो दि फ्रेइतास या तळ्याकाठचा उसाचा जुना मळा ताब्यात घेऊन तिथे दारूखाना काढला गेला, आणि 13 जून 1808 रोजी त्याच जमिनीवर परमुलखातली झाडं रुजवून पाहण्यासाठी बाग करायचं ठरलं.

आज बागेत फिरताना दारू कांडण्याची जुनी इमारत लागते. तिचं आता छोटं संग्रहालय झालं आहे. बहुतेक प्रवासी तिच्या दारावरून पुढे जातात, कारण सगळ्यांना ताडांच्या रांगेत फोटो काढायची घाई असते. माझं सांगणं असं, की सुरुवात इथूनच करावी. ही बाग कशासाठी निघाली हे एकदा ध्यानात आलं, की पुढची प्रत्येक वाट निराळी दिसू लागते.

बाग निघाली ती मसाल्यासाठी. जायफळ, लवंग, दालचिनी पूर्वेकडून आणायची तर अर्ध्या पृथ्वीला वळसा घालावा लागे आणि त्या व्यापारात पोर्तुगीज केव्हाच मागे पडले होते. हीच झाडं ब्राझीलमध्ये लागली तर? लुईस दि आब्रेउ व्हिएइरा इ सिल्व्हा नावाचा एक पोर्तुगीज अधिकारी फ्रेंचांच्या कैदेत मॉरिशसला अडकला होता. तिथल्या सरकारी बागेतली रोपं घेऊन तो निसटला आणि 1809 मध्ये ती त्याने दों जुआंवला नजर केली. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी फ्रेंच गयाना जिंकलं आणि तिथल्या फ्रेंच बागेतलीही झाडं ब्राझीलला आली. चोरून, लढून, लपवून आणलेली ही रोपं त्या काळी तोफांइतकीच मोलाची मानली जात.

आपल्याकडच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. पोर्तुगीज जहाजांनी गोव्याच्या किनाऱ्यावर ब्राझीलचा काजू उतरवला आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याचा फणस तिकडे पोचवला. कोकणातल्या सुपारीच्या बागेत जायफळाचं झाड पाहिलेल्या माणसाला रिओच्या या बागेत पाहुण्यासारखं वाटतच नाही.

तरी या बागेत मान आहे तो ताडांना. मुख्य दरवाजातून आत शिरलं, की समोर 740 मीटरचा सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना इम्पिरियल पाम. या सगळ्यांची मूळ माता दों जुआंवने 1809 मध्ये स्वतःच्या हाताने लावली असं मानतात. झाड राजाचं म्हणून त्याचं बी बाहेर जाऊ नये, असा पुढच्या एका संचालकाचा दंडक होता. बेर्नार्दो सेर्पा ब्रांदांव हा तो संचालक दरवर्षी बिया जाळून टाकायला लावी. बागेतले गुलाम मात्र रात्री झाडावर चढत, बिया उतरवत आणि बाहेर विकत, अशी हकिकत सांगितली जाते. दरबाराचं ते चिन्ह मग कॉफीच्या मळेवाल्यांच्या हवेल्यांपुढे डौलात उभं राहिलं. मूळ झाडावर 1972 मध्ये वीज कोसळली. त्याच्या खोडाचा तुकडा जपून ठेवला आहे आणि जागेवर त्याच्याच वंशातलं दुसरं झाड लावलं आहे. संचालकाच्या दंडकाला न जुमानता रात्री झाडावर चढणाऱ्या त्या बिननावाच्या माणसांनी या ताडाचा प्रसार केला, ही गोष्ट मला या बागेच्या इतिहासात फार मोठी वाटते.

मसाल्यांसारखाच बागेत चहाचाही प्रयोग झाला, पण तो थोडक्यात आटोपला. मकावमार्गे चिनी मजूर आणले, रोपं लावली, पण धंदा म्हणून चहा काही जमला नाही. 1824 ते 1829 या काळात बागेचा कारभार पाहणारे फ्रेई लेआंद्रो दो साक्रामेंतो हे कार्मेलाइट पंथाचे साधू आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या नावाच्या तळ्यात आता व्हिक्टोरिया कमळाची परातीएवढी पानं तरंगतात. पान उलटून पाहता आलं तर खालच्या बाजूला जाड शिरांची जाळी आणि टोकदार काटे दिसतात. त्या शिरांच्या जाळीमुळे आणि तिच्यातल्या हवेमुळे पान वजन पेलतं.

बागेने खरी कूस बदलली ती 1890 नंतर. जुआंव बार्बोझा रॉद्रिगेस संचालक झाले आणि मरेपर्यंत, म्हणजे 1909 पर्यंत, त्या खुर्चीवर राहिले. ॲमेझॉनच्या रानात वर्षानुवर्षं हिंडलेला, ऑर्किडं आणि ताड स्वतः रेखाटणारा हा माणूस. बाहेरचं झाड इथे पिकतं का, हा बागेचा जुना प्रश्न होता. बार्बोझा रॉद्रिगेसांनी तिला आपल्याच देशात काय काय उगवतं हे विचारायला लावलं. त्यांनी वनस्पती-नमुन्यांचा संग्रह आणि ग्रंथालय उभं केलं. वाळवून, कागदावर शिवून, नाव-गाव-तारीख लिहून ठेवलेले ते नमुने आज सात लाखांच्या वर गेले आहेत. 2013 मध्ये ब्राझीलच्या संकटातल्या वनस्पतींचा लाल ग्रंथ निघाला तो इथूनच, आणि देशातल्या सगळ्या वनस्पतींची यादीही इथल्याच पुढाकाराने तयार झाली. शेवाळं आणि बुरशी धरून तिच्यात 46 हजारांहून अधिक जाती आहेत. मसाल्याच्या लोभाने निघालेली बाग शंभर वर्षांत आपल्याच झाडांची नोंदवही झाली, हे काम ताडांच्या रस्त्याहून कितीतरी सुंदर आहे.

प्रवाशाला हा संग्रह दिसत नाही, पण त्याची फळं दिसतात. पाऊ-ब्राझीलची झाडं पाहावीत. लाल रंगासाठी त्यांची इतकी तोड झाली की रानात ती शोधावी लागतात. आणि कैलासपती पाहावा. आपल्याकडे देवळाच्या आवारात दिसणारं हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेचंच. रिओत त्याच्या बुंध्यापासून लोंबणाऱ्या दोऱ्यांवर गुलाबी-लाल, जाड पाकळ्यांची फुलं अगदी डोळ्यांसमोर येतात. एका बाजूने वळून आत आलेला पुंकेसरांचा फणा, त्याखाली छोट्या केसरांचं कडं आणि सकाळी सकाळी येणारा दाट वास. खाली पिकून फुटलेल्या तोफगोळ्यांसारख्या फळांची घाण मात्र नाक धरायला लावते.

पक्षी पाहायचे तर दार उघडताच जावं. काळ्या चोचीचा टूकन कुठल्या ना कुठल्या फांदीवर हमखास सापडतो. शहराच्या रानातून तो नाहीसा झाला होता; 1970 च्या दशकात आदेल्मार कोइम्ब्रा-फिल्यो या शास्त्रज्ञाने टूकन पुन्हा सोडले. बांबूच्या बेटात कापुचिन माकडांची टोळी काहीतरी सोलत असते. मार्मोसेट तर हाताशी येतात. त्यांना खाऊ देऊ नये. ही चिमुकली माकडं इथली नव्हेत. पाळायला म्हणून ब्राझीलच्या दुसऱ्या भागांतून आणली, सुटली आणि आता पक्ष्यांची अंडी फस्त करतात. गोड चेहऱ्याला भुलून केळं पुढे करणारे प्रवासी पाहिले, की जीव तुटतो.

बागेच्या वरच्या अंगाला ओर्तो नावाची वस्ती आहे. बागेतल्या आणि आसपासच्या कारखान्यांतल्या कामगारांची कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. जमीन संशोधनासाठी हवी असं संस्थेचं म्हणणं, आणि ही बाग आमच्या आज्या-पणज्यांनी राखली असं रहिवाशांचं. कित्येक दशकं हा वाद कोर्टात चालला. झाडं जपायचीच आहेत. पण ज्यांच्या घरच्यांनी ती लावली त्यांना परकं ठरवून ती जपता येतील असं मला वाटत नाही.

बाग जिथे संपते तिथे तिजुकाचं रान सुरू होतं. कॉर्कोव्हादो डोंगरावरचा ख्रिस्ताचा पुतळा त्याच रानात आहे. पाहणाऱ्याला ते आदिम जंगल वाटतं, पण त्याचा मोठा भाग माणसांनी लावलेला आहे. एकोणिसाव्या शतकात कॉफीसाठी हे डोंगर बोडके झाले, झरे आटले आणि शहराला पाणी पुरेना. सरकारने मळे ताब्यात घेतले, 1861 मध्ये सम्राट दुसरा पेद्रो याने वनलागवडीचा हुकूम काढला आणि मेजर मानुएल गोमेस आर्चर याच्यावर ते काम सोपवलं. त्याच्या हाताखाली सुरुवातीला सहा गुलाम होते : एलेउतेरियो, कोन्स्तांतिनो, मानुएल, मातेउस, लेओपोल्दो आणि मारिया. आसपासच्या शिल्लक रानातून रोपं आणून पुढच्या बारा-तेरा वर्षांत सुमारे एक लाख झाडं लावली गेली. ही सहा नावं कागदोपत्री टिकली म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. 1961 मध्ये या रानाचं राष्ट्रीय उद्यान झालं.

झाडं वाढली तरी जनावरं परतली नव्हती. मोठ्या बिया फोडणारा, उरलेल्या पुरून ठेवणारा अगौती हा सशाएवढा प्राणी रानातून संपला होता, आणि त्याच्यावाचून बऱ्याच झाडांची पुढची पिढी रुजत नव्हती. तो टिकला होता भर शहरात, कांपो दि सांताना नावाच्या बागेत, बसच्या गर्दीपलीकडे. रानात प्राणी परत आणणाऱ्या रेफाऊना प्रकल्पातल्या संशोधकांनी 2010 पासून तिथलेच अगौती पकडून तिजुकात सोडले. 2015 मध्ये हाऊलर माकडं आली, नंतर कासवं. माकडांना पिल्लंही झाली.

आणि या रानात आपल्या माणसाला थबकवतो तो फणस. पोर्तुगीजांनी नेलेला हा आपला फणस तिथे इतका माजला आहे, की काही उतारांवर त्याच्याखाली दुसरं झाड उठत नाही. कोआती नावाचे प्राणी आणि माकडं पिकले गरे खातात, आठळ्या पसरतात, आणि स्थानिक झाडांची जागा जाते. म्हणून त्याची रोपं उपटली जातात, मोठी झाडं सोलून वाळवली जातात. ज्यांच्या परसात फणस म्हणजे घरचा माणूस, त्यांना हे पाहणं जड जाईल. पण एका उताराखाली थोडा वेळ थांबून, फणसाखालची उघडी जमीन आणि पलीकडची दाटी ताडून पाहिली, की तो काढणाऱ्यांचं बरोबर आहे हे पटतं.