गावचे दप्तर म्हणजे उरलासुरला कागद नव्हे

नगर जिल्ह्याचा इतिहास शोधायचा तर पुण्याचे पेशवे दप्तर पाहावे, मुंबईचे पुराभिलेखागार पाहावे, नाहीतर थेट लंडन गाठावे. गावोगावच्या कुलकर्ण्यांच्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांत, भाऊबंदकीच्या तंट्यांपलीकडे काही नाही, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यात अलीकडे भर पडली आहे ती अशी की, कागद स्कॅन झाला म्हणजे मूळ दप्तर सांभाळायचे कारण उरत नाही. मला ही दोन्ही मते साफ अमान्य आहेत.

पहिल्या मताला आपल्याच इतिहासलेखनाचा विसर पडला आहे. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातून ऐतिहासिक लेखसंग्रह छापला. वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले, ते घराघरांतल्या पेट्या धुंडाळून. सरकारी दप्तरखाना संशोधकांना नीट खुला होण्याआधीच मराठ्यांचा इतिहास या खाजगी कागदांवर उभा राहिला होता.

आता 1875 चे उदाहरण घ्या. 12 मे रोजी भीमथडीतल्या सुप्याला दंगा झाला आणि तो पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, नगर या तालुक्यांत पसरला. कुणब्यांनी सावकारांच्या जिवाला सहसा हात लावला नाही. त्यांची खते आणि रोखे हिसकून जाळले. आपली जमीन कागदावर अडकली आहे हे त्यांना पुरते कळत होते. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल आजही मोलाचा आहे, हे मी नाकारत नाही. पण दंग्याचे मूळ सरकारी साऱ्यात नसून सावकारीत आहे, हा सरकारनेच नेमलेल्या आयोगाचा निष्कर्ष तपासायचा कशावर? त्या त्या गावचे वसुलाचे कागद, जाळपोळीतून वाचलेल्या सावकारी चोपड्या आणि 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानंतर गावनिबंधकापुढे झालेले दस्त शेजारी शेजारी ठेवूनच. कुणाचा कोणता हप्ता थकला आणि तो भरायला त्याने कुणाकडून किती काढले, हे तिथेच सापडण्याची आशा आहे.

दुसऱ्या मताचे उत्तर कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत (गाव नमुना 14) आहे. 2023 मध्ये मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी तहसील कचेऱ्यांतले मोडी कागद बाहेर निघाले. वाचकांना शोधायचा होता एकच शब्द: कुणबी. नोंद मिळाली, पानाची प्रत निघाली, काम झाले. त्या कामापुरते ते योग्यच. पण जातीच्या रकान्याबरोबर त्या पानावर मृत्यूचे कारणही लिहिलेले असते. 1918 च्या दसरा-दिवाळीची पाने सलग चाळली, तर इन्फ्लुएन्झाने गावातली कोणती माणसे कोणत्या क्रमाने नेली ते नावानिशी दिसते. एकच पान सुटे ठेवले की हे सारे गेले.

घरच्या पेटीतला कागद वाळवी खाते, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर उपाय जिल्ह्यातच आहे. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाने मोडी आणि फार्सी कागदांचा मोठा साठा जपला आहे. गावची दप्तरेही अशाच ठिकाणी यावीत, पण रुमाल न फोडता. गाव कोणते, घर कोणते, आत कागद कसे लागले होते हे आधी टिपावे, मगच स्कॅनर लावावा. नाहीतर महजर, म्हणजे तंट्याचे निवाडपत्र, आणि त्याच्या घडीत ठेवलेली वसुलाची पावती दोन वेगळ्या फायलींत जातात, आणि ती पावती त्याच तंट्यातला पुरावा होती, हे मग कुणालाही सांगता येत नाही.